ला तुर्बीचे दगडचोर

(द्वितीय वर्ष, कला)

ज्या गावात मी कधी पाऊल टाकलेले नाही, त्या गावच्या लोकांची बाजू घेऊन मी हा लेख लिहीत आहे. संपादक मंडळातल्या माझ्या मैत्रिणीने विषय ऐकला आणि विचारले, ''अगं, फ्रान्समधल्या खेड्याशी आपल्याला काय करायचं आहे?'' त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देते. पटले नाही तर तिने पुढच्या अंकात माझा खुशाल समाचार घ्यावा.

माझा मामा बोटीवर असतो. रत्नागिरी जिल्ह्यात ह्या वाक्याचे कोणाला नवल वाटत नाही. बोटीवर गेलेला एखादा तरी माणूस वाडीत सापडतोच. मामाची बोट म्हणजे हौशी प्रवाशांना देशोदेशीच्या बंदरांत हिंडवणारी अवाढव्य बोट. प्रवासी वरच्या मजल्यांवर समुद्र पाहत बसलेले असतात आणि मामा खाली तिच्या पोटात, लाँड्रीत, चादरी नि टॉवेल धुण्याच्या खात्यात. बोट मोनॅकोच्या बंदरात लागली तेव्हा त्याला चार तासांची सुट्टी मिळाली. त्याचे सोबती किनाऱ्यावर फुकटचे वायफाय शोधून घरी बोलत बसले. मामाने मात्र मान वर केली. त्या चिमुकल्या श्रीमंत राज्याच्या डोक्यावरच सरळसोट डोंगर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर एक पांढरे पडके बांधकाम दिसत होते. ''गडासारखं काहीतरी दिसलं म्हणून गेलो गं,'' तो मला नंतर म्हणाला, ''आपल्याला सवयच ना!''

तो बसने वर गेला. त्या गावाचे नाव ला तुर्बी. समुद्रसपाटीपासून सुमारे ४८० मीटर उंच. मामाने तेथून त्रेसष्ट फोटो पाठवले आणि गेले सहा महिने मी ते इतक्या वेळा पाहिले आहेत, की डोळे मिटले तरी गल्ल्या आठवतात. दगडी वेस, तिच्यातून आत शिरले की दोन माणसे जेमतेम शेजारून जातील एवढी वाट, घराघरांना जोडणाऱ्या कमानी, कमानीखाली थंडगार अंधार, एका खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या, एका उंबऱ्यावर झोपलेले मांजर. मध्ययुगात वसलेले हे गाव डोंगराला असे चिकटून बसले आहे, की घर कोठे संपते आणि खडक कोठे सुरू होतो ते कळत नाही. आणि ह्या सगळ्या करड्या, एकमेकांना बिलगलेल्या घरांच्या वर एकाएकी उठतात ते रोमन स्तंभ!

ते बांधकाम गड नव्हे. ते रोमचे विजयस्मारक आहे. आल्प्स पर्वतातल्या टोळ्यांवर सम्राट ऑगस्टसने मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून रोमच्या सिनेटने आणि जनतेने ते इ. स. पूर्व ७-६ च्या सुमारास उभारले. जागाही विचार करून निवडलेली होती. इटलीतून गॉलकडे जाणारा ऑगस्टसचा नवा रस्ता ह्याच खिंडीतून जात होता, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मान वर करून ते पाहावेच लागे. मूळ उंची सुमारे पन्नास मीटर. खाली चौकोनी चौथरा, वर स्तंभांची गोलाकार रांग, त्यावर निमुळते होत जाणारे शिखर. आज उभे आहे ते साधारण पस्तीस मीटरपर्यंत, तेही पुन्हा जोडलेले.

ह्या स्मारकाला लॅटिनमध्ये जो शब्द होता तो मूळ ग्रीक 'त्रोपायोन' ह्या शब्दावरून आला आहे. ज्या जागी शत्रूने पाठ फिरवली त्या जागी उभारलेली खूण, असा त्याचा अर्थ. त्याच शब्दापासून झिजत झिजत गावाचे नाव तुर्बी झाले आणि त्याच शब्दापासून आपल्या स्नेहसंमेलनातली क्रिकेटची ट्रॉफीही आली. म्हणजे हे अख्खे गावच ट्रॉफी नावाचे आहे. गावात राहणारे लोक मात्र जिंकलेल्यांचे वंशज, की हरलेल्यांचे?

माझ्या लेखाचा विषय हाच आहे, पण त्याआधी आमच्या इतिहासाच्या सरांविषयी लिहायला हवे. सरांविषयी मला अतिशय आदर आहे. बारावीनंतर मी इतिहास घेतला तो त्यांच्यामुळेच. फोटो पाहून सर हरखले. स्मारक पुष्कळसे पडके का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ''गावकऱ्यांनी खाल्लं ते! शेकडो वर्षं दगड पळवून घरं बांधली. दगडचोर मेले! सगळीकडे हेच. अडाणी माणसाच्या हातात इतिहास सुरक्षित नसतो.'' वर्ग हसला. मीही हसले. घरी जाताना एस.टी.त मात्र ते हसू टिकले नाही.

कारण सरांनी सांगितले ते अर्धे खरे होते. घरे त्या दगडांची आहेत, हे खरे. गावातले सेंट मायकेलचे सुंदर चर्च १७६४ ते १७७७ ह्या काळात बांधले गेले आणि त्यालाही स्मारकाचेच दगड लागले, हेही खरे. पण स्मारक फोडले कोणी? मध्ययुगात त्याचा किल्ला करण्यात आला. जो तो सरदार आपल्या सोयीप्रमाणे त्यात तटबंदी, बुरूज घालत गेला. पुढे स्पेनच्या गादीच्या युद्धात फ्रान्स आणि सव्हॉय ह्यांचे वितुष्ट आले, तेव्हा १७०५ साली चौदाव्या लुईने ह्या भागातले किल्ले उडवून देण्याची आज्ञा केली आणि ह्या रोमन बांधकामालाही सुरुंग लावण्यात आले. चौदावा लुई म्हणजे अडाणी माणूस नव्हे. व्हर्सायचा राजवाडा ज्याच्या नावाने जग ओळखते, ज्याच्या दरबारात नाटककार आणि विद्वान वावरत होते, तोच हा राजा. सुरुंगाच्या दारूने जे कोसळले त्याच्या ढिगातून गावकऱ्यांनी दगड उचलले, आणि बोल मात्र ढीग उचलणाराला! आपल्याकडे तरी निराळे काय आहे? १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किती गडांचे दरवाजे आणि वाटा मुद्दाम फोडून टाकल्या. आज त्या पडक्या दरवाजाचा चिरा कोणाच्या गोठ्यात सापडला की दोष गोठ्याच्या मालकाकडे जातो.

पण मला सांगायचे आहे ते ह्याहून थोडे पुढचे आहे. समजा, सुरुंग लागलाच नसता. समजा, गावकऱ्यांनीच पहार लावून एकेक दगड खाली काढला असता. तरीही मी त्यांना चोर म्हणायला तयार नाही. का, ते त्या स्मारकावर काय लिहिले आहे ते वाचल्यावर कळते.

स्मारकाच्या पश्चिम बाजूला एक प्रचंड शिलालेख आहे. मामाला लॅटिन येत नाही, मलाही येत नाही. पण फोटो मोठा करून एकेक अक्षर मी वहीत उतरवून घेतले आणि मग मोबाईलवर शोधत बसले. आरंभी ऑगस्टसच्या पदव्या आहेत. मग, वरच्या समुद्रापासून खालच्या समुद्रापर्यंत आल्प्समधले सगळे लोक त्याच्या नेतृत्वाखाली रोमच्या सत्तेखाली आणले गेले म्हणून हे स्मारक, असा मजकूर. आणि मग 'जिंकलेले आल्प्सचे लोक' असे म्हणून यादी: त्रुम्पिलिनी, कामुन्नी, वेनोस्तेस, सालास्सी, कातुरिगेस, ब्रिगियानी, ओरातेल्ली, नेरुसी, स्वेत्री... चाळीसहून अधिक नावे! बाजूला पाठीमागे हात बांधलेले कैदी कोरलेले आहेत. त्यांत स्त्रीसुद्धा आहे.

ह्या नावांच्या मागे एकेक लागले तर झोप उडते. सालास्सी हे आजच्या आओस्ता खोऱ्यातले लोक. इ. स. पूर्व २५ साली रोमनांनी त्यांचा पाडाव केला. स्ट्रॅबो हा त्या काळचा भूगोलकार सांगतो, की छत्तीस हजार माणसे आणि शिवाय आठ हजार लढवय्ये गुलाम म्हणून विकले गेले. एवढ्या माणसांचा लिलाव झाला आणि स्मारकावर त्यांच्या वाट्याला काय आले, तर एक शब्द! कामुन्नी हे कामोनिका खोऱ्यातले. त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, पण त्यांनी आणि त्यांच्या पूर्वजांनी खडकांवर लाखाहून अधिक चित्रे कोरून ठेवली आहेत. हरणे, नांगर, घरे, भाले घेतलेली माणसे. १९७९ साली इटलीतले पहिले जागतिक वारसास्थळ म्हणून मान मिळाला तो ह्याच हरलेल्या लोकांच्या चित्रांना, रोमच्या एखाद्या देवळाला नव्हे. (आमच्या सड्यावरही कातळात कोरलेली चित्रे आहेत. लहानपणी आम्ही त्यांवर लगोरी खेळत असू. आता कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ साली गेली आहेत. लगोरी बंद झाली हे सांगायला नकोच.)

आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणावी की काय, मला ठरवता येत नाही. स्मारकाचे तुकडे तुकडे झाल्यावर ती यादी पुन्हा जुळवता आली ती एका पुस्तकामुळे. प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिची नक्कल आपल्या ग्रंथात करून ठेवली होती. (भारताच्या व्यापारापायी रोमचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स वाहून जातात म्हणून कुरकुर करणारा प्लिनी तो हाच.) तो असेही नोंदवतो, की कॉत्तियस राजाच्या टोळ्यांची नावे यादीत घातलेली नाहीत, कारण त्या रोमशी वैराने वागल्या नाहीत. म्हणजे पाहा, निमूटपणे शरण गेले असते तर ह्या चाळीसपंचेचाळीस टोळ्यांचे नावही दगडावर आले नसते. लढले, हरले, म्हणून नोंद झाली. आणि नोंद केली ती हरवणाऱ्याने, त्याच्या लिपीत, त्याला जमेल तशा उच्चारात.

हे वाचताना मला आमचे पणजोबा आठवले. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांचा फोटो नाही, सही नाही. त्यांना सही येतच नव्हती. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी माझ्या जातीच्या दाखल्यासाठी जुना कागद हवा होता. वडिलांनी तालुक्याला पाच खेपा घातल्या आणि शेवटी एक उतारा मिळाला. त्यावर मालक म्हणून खोताचे नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, झोकात. आणि कुळाच्या रकान्यात पणजोबांचे नुसते नाव. ना बापाचे नाव, ना आडनाव. पुढे कूळकायदा आला, खोती गेली, जमिनीचा तो तुकडा आमचा झाला, ते सगळे खरे. पण आमच्या घराण्याचा पहिला लेखी पुरावा म्हणाल तर तो हा. आम्ही कोणाच्या तरी हाताखाली होतो, म्हणून आमचे नाव लिहिले गेले. पणजीचे तर तेवढेही नाही. वडील तो कागद हातात घेऊन कचेरीच्या पायरीवर बराच वेळ बसले होते. ते खूश झाले होते की खिन्न, हे मी अजून विचारलेले नाही. त्या कागदाच्या जोरावर मी आज येथे बसून लिहीत आहे हेही तितकेच खरे, म्हणून त्या कागदाला शिव्याही देववत नाहीत.

आता ला तुर्बीच्या त्या मध्ययुगीन गावकऱ्याकडे पुन्हा पाहा. त्याला लॅटिन वाचता येत नसणार. ह्या डोंगरांत आपलेच आजे-पणजे राहत होते, आणि त्यांना हरवल्याचा डांगोरा ह्या दगडावर पिटलेला आहे, हे त्याच्या गावीही नसेल. त्याला घर बांधायचे होते. थंडीत वारा अडवील अशी भिंत हवी होती, बायकोला चूल मांडायला कोपरा हवा होता, शत्रू आला तर बंद करता येईल अशी वेस हवी होती. डोंगरावर चांगला घडीव दगड तयार होता. त्याने तो घेतला. ज्या दगडांवर त्याच्याच लोकांना बांधून दाखवले होते, त्यांतले काही त्याच्या घरात आले आणि त्यांवर त्याची पोरे खेळली. स्मारकाचा ह्याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. ऑगस्टसला तो अपमान वाटला असता, हे मान्य. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने ऑगस्टसच्या वतीने रागावण्याचे कारण काय?

सरांच्या बाजूचे जे आहे तेही सांगायला हवे, नाहीतर हा लेख वकिली ठरेल. १९०५ पासून तेथे उत्खनन झाले. पुढे १९२९ ते १९३३ ह्या काळात फॉर्मिजे ह्या वास्तुशास्त्रज्ञाने, एडवर्ड टक नावाच्या अमेरिकन धनिकाच्या पैशातून, स्मारकाचा काही भाग पुन्हा उभा केला, विखुरलेल्या तुकड्यांवरून आणि प्लिनीच्या नकलेवरून शिलालेख जुळवला. त्यांनी ते केले नसते तर मामाला खालून दिसण्यासारखे फारसे काही उरले नसते, मला 'कामुन्नी' हा शब्द कधी कळला नसता. अक्षर कोरलेला दगड आणि बिनअक्षरी दगड ह्यांत फरक आहे, हे मी मानते. अक्षराचा दगड भिंतीत उलटा गेला की एक नाव गेले. माझ्यासारखीने तरी अक्षराला कमी लेखू नये. आमच्या घरात ते यायला फार वर्षे लागली आहेत. तेव्हा स्मारके जोडू नयेत असे माझे म्हणणे नाही.

माझी तक्रार आहे ती पाहण्याच्या पद्धतीविषयी. अशा गावाला गेलेला माणूस काय करतो? वेशीतून आत शिरतो, गल्ल्या 'किती गोड!' म्हणून ओलांडतो, तिकीट काढतो, स्मारकाखाली उभा राहतो, स्मारकाच्या संग्रहालयात त्याची मूळची प्रतिकृती पाहतो आणि 'अरेरे, किती नासधूस केली!' असे म्हणून खाली मोनॅकोला जेवायला जातो. मामाच्या बोटीवरच्या कित्येकांना तर ला तुर्बी माहीत होते ते केवळ राजकन्या ग्रेसच्या मोटारीला १९८२ साली त्या गावाकडून उतरणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला म्हणून. सम्राट, राजा, राजकन्या! मधल्या दीड हजार वर्षांत ज्यांनी तेथे ऑलिव्ह लावले, शेळ्या राखल्या, पाणी वाहून आणले, बाळंतपणे केली, त्यांच्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. स्मारक आहे चार दोन स्तंभांचे. पण त्याचे उरलेले दगड गेले कोठे, तर ते गावातच आहेत, भिंतींत, कमानीत, चर्चमध्ये, छप्पर पेलून उभे आहेत. ते नासलेले नाहीत, कामाला लागलेले आहेत. मला तेथे जायला मिळाले तर मी आधी गाव पाहीन, संध्याकाळपर्यंत पाहीन, आणि वेळ उरला तर स्तंभ.

हे सगळे मला इतके का लागले, ते आता सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपल्यावर मुंबईची काही तरुण मंडळी आमच्या वाडीवरच्या गडाची साफसफाई करायला आली होती. मुले चांगली होती. दोन दिवस उन्हात खपली, झाडोरा तोडला, टाक्यातला गाळ काढला. आमच्याच घरी त्यांनी पिठले-भात खाल्ला. परतताना त्यांतल्या एकाचे लक्ष आमच्या पडवीच्या पायरीकडे गेले. पायरीचा दगड काळा घडीव आहे आणि त्यावर अर्धे कमळ कोरलेले आहे. उरलेले अर्धे कोठे आहे देव जाणे. पणजोबांच्या वेळी एका मोठ्या पावसात गडाच्या दरवाजाकडून घरंगळत आलेला तो दगड त्यांनी चौघांच्या मदतीने दारात आणून बसवला, असे आजी सांगते. तो मुलगा भडकला. ''आजी, ह्यावर पाय देऊन चढता तुम्ही? तुम्हाला इतिहासाची काही किंमत आहे की नाही?'' त्याने फोटो काढला, कोठेतरी टाकला, त्याखाली काय काय लिहिले गेले ते मी आजीला वाचून दाखवले नाही.

गंमत अशी, की त्याच दिवशी सकाळी ही मंडळी खोताचा जुना वाडा पाहायला गेली होती. त्या वाड्याच्या जोत्यात गडाचे असे दगड शंभर तरी असतील. तेथे मात्र सगळ्यांनी जोत्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतले आणि 'काय दगडी काम आहे!' म्हणून वाखाणणी केली. शंभर दगड नेले की वास्तुवैभव, एक नेला की चोरी. ला तुर्बीच्या बाबतीत आपण सगळे हेच करत आहोत. ज्या सरदारांनी स्मारकाचा किल्ला केला ते 'मध्ययुगीन इतिहास' झाले, ज्यांनी दोन खोल्या बांधल्या ते दगडचोर झाले.

त्या दिवशी मला काही बोलता आले नाही. मी कॉलेजात शिकते, इतिहास घेतला आहे, हे त्या मुलांना सांगायचीसुद्धा लाज वाटली. का वाटली ते आज नीट आठवत नाही. आजी मात्र पडवीत सुपारी कातरत होती. तिने मान वर करून सांगितले, ''न्या खुशाल. पण जाताना दुसरी पायरी बसवून द्या हो, माझे गुडघे दुखतात.'' मुले ओशाळली, हसली, नमस्कार करून गेली. पायरी जागेवर आहे.

सरांना मी हे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ''लिही वार्षिकाला.'' पटले की नाही ते बोलले नाहीत. पण परवा तासाला त्यांनी शिवकाळ शिकवताना गडाखालच्या मेटांवर कोण लोक राहत असत, हे विचारले आणि माझ्याकडे पाहिले.

मामाला मी निरोप धाडला होता, की पुन्हा तिकडे गेलास तर स्तंभांचे फोटो नकोत. घरांच्या मागच्या भिंतींचे काढ, दारांच्या पायऱ्यांचे काढ. पण त्याचे नवे कंत्राट अलास्काच्या बाजूचे निघाले. तेव्हा आहेत त्या त्रेसष्ट फोटोंवरच भागवायचे. त्यांतल्या एकात एक म्हातारी बाई हातात भाजीची पिशवी घेऊन आपल्या दारात शिरताना आली आहे. मामा फोटो कमानीचा काढत होता, बाई मध्ये आली. मी तो आजीला दाखवला आणि सांगितले, की हे सगळे दगड एका फार जुन्या राजाच्या विजयस्तंभाचे असतील.

आजीने मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, ''पायरी उंच बसवली आहे गं. पावसापाण्याची त्रास होत असेल हिला.''